आठवा बिट आणि अक्कांची वही

घराला रंग द्यायचा म्हणून गेल्या महिन्यात माळा रिकामा केला. अशा वेळी काय काय निघतं हे वाचकांना सांगायला नको. वाती संपलेला स्टोव्ह, मुलांच्या शाळेतल्या वह्या, आमच्या लग्नातल्या आहेराची यादी आणि माझ्या वाटणीचं एक खोकं. खोक्यात वेटोळी घातलेली केबल, पंचवीस पिनांचे चार-पाच कनेक्टर, एक सोल्डरिंग आयर्न आणि कार्बन लावून लिहिलेल्या कॉल रिपोर्टांचं बाड. ‘हे आता तरी टाकायचं का?’ असं सौ.नं विचारलं आणि मी सवयीनं ‘बघून सांगतो’ म्हणालो. बघायला बसलो आणि दुपार त्यातच गेली.

त्या बाडात १९९३ सालचा एक पिवळा पडलेला कागद होता. ‘बिघाडाचे कारण’ या रकान्यात माझ्या अक्षरातल्या दोन ओळी आणि खाली लाल शाईतली एक वळणदार सही. सही कार्बनमधून उमटलेली नव्हती. सही करणाऱ्या बाईंनी कार्बनवर विसंबून न राहता दोन्ही प्रतींवर स्वतंत्र सह्या केल्या होत्या. तो कागद हातात आला आणि एका गावातल्या बँकेचा काउंटर, बाहेरचा पाऊस आणि स्वतःची वाटलेली लाज, सगळं जसंच्या तसं समोर उभं राहिलं.

त्या काळी मी पुण्यातल्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होतो. काम काय, असं कुणी विचारलं की ‘टर्मिनलं लावतो’ असं सांगायचो. आजच्या मुलांना टर्मिनल म्हटलं की विमानतळ आठवतो. आमचं टर्मिनल दिसायला संगणकच. पडदा होता, कीबोर्ड होता, पण आत डोकं नव्हतं. डोकं एकच, तेही मॅनेजरसाहेबांच्या केबिनशेजारच्या थंडगार खोलीत ठेवलेलं. चपला बाहेर काढून त्या खोलीत जायचं, जणू देवघरच. त्या एका यंत्राच्या पाठीतून आठ केबली निघायच्या आणि काउंटरवरच्या आठ टर्मिनलांना जाऊन मिळायच्या. आठ माणसं एकाच वेळी एकाच यंत्रावर काम करायची आणि प्रत्येकाला वाटायचं, यंत्र आपल्या एकट्याचंच आहे.

हे कसं साधतं? लग्नाच्या पंगतीतला तरबेज वाढपी आठवा. वाढपी एकच असतो, पण पानापानावर डावभर वाढत तो इतक्या झपाट्यानं फिरतो की कुणालाच ताटकळल्यासारखं वाटत नाही. संगणकही तसाच प्रत्येक टर्मिनलला क्षणाचा तुकडा वाढत फिरतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या नोव्हेंबरात अशी पंगत बसवून दाखवली. पंगत आली की कुणाचं पान कुठलं, हेही ठरवावं लागतं. म्हणून संगणकावर पासवर्ड विचारायची पद्धतही त्यांच्याच यंत्रणेत रुजली. कॉर्बातो २०१९ साली वारले. आपण रोज दहा ठिकाणी पासवर्ड टाकतो तेव्हा त्यांची आठवण कुणी काढत नाही, आणि पासवर्ड विसरल्यावर काढली तर ती चांगली नसते!

आमच्या यंत्रांवर युनिक्स नावाची प्रणाली चालायची. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ती सुरू केली. तेव्हा टर्मिनलला पडदाच नव्हता. टेलिटाईप नावाचं, टाईपरायटरसारखं खडखडणारं यंत्र कागदावर अक्षरं उमटवायचं. सेकंदाला दहा अक्षरं आणि तीसुद्धा फक्त मोठ्या लिपीतली, म्हणजे कॅपिटल. टेलिटाईप गेलं, पण नाव राहिलं. युनिक्सच्या वंशातल्या यंत्रांत टर्मिनलच्या तारेला अजूनही ‘टीटीवाय’च म्हणतात. आमच्या टर्मिनलच्या पडद्यावर ८० अक्षरांच्या २४ ओळी मावत, म्हणजे १९२० अक्षरं. टेलिटाईपला तेवढी छापायला तीन मिनिटांहून अधिक लागली असती. आमच्या ९६०० बॉडच्या तारेवरून ती दोन सेकंदांत येत. काउंटरपलीकडे उभा असलेला खातेदार तरीही घड्याळ बघायचाच.

आता टर्मिनल लावणं म्हणजे काय ते सांगतो. पहिलं काम तारेचं. यंत्राचं तोंड टर्मिनलच्या कानाला आणि टर्मिनलचं तोंड यंत्राच्या कानाला जोडायचं. म्हणून दोन नंबरची तार तीनला आणि तीनची दोनला, अशी अदलाबदल करायची. सात नंबरची तार सरळ. एवढ्या तीन तारांवर काम भागायचं. नियमाप्रमाणे ही केबल पन्नास फुटांपुरती, पण बँकेच्या इमारती काही नियमांना विचारून बांधलेल्या नसतात. मग केबल भिंतीच्या कडेनं, पंख्याच्या वायरींपासून लांब, कधी माळ्यावरून तर कधी मोरीच्या खिडकीतून न्यायची.

दुसरं काम बोलीचं, आणि खरी मेख तिथेच. दोन्ही टोकांनी आधी ठरवून घ्यायचं असतं की किती वेगानं बोलायचं, एका अक्षराला किती बिट, आणि चूक तपासायला जादा बिट ठेवायचा की नाही. एका टोकाला ९६०० आणि दुसऱ्या टोकाला १२०० असं झालं की पडद्यावर नुसती रांगोळी फुटते. तार शाबूत असते, विजेत दोष नसतो, फक्त एकाचं बोलणं दुसऱ्याला उमगत नाही.

हा ठराव यंत्राच्या बाजूनं पाळतो कोण? जुन्या वाड्याला देवडी असते आणि देवडीवर पहारेकरी. युनिक्समध्ये प्रत्येक तारेच्या देवडीवर ‘गेटी’ नावाचा एक छोटा प्रोग्राम बसलेला असतो. तो एका फाईलमधली आपल्या नावची ओळ वाचतो, तारेचा वेग नि बिट त्याप्रमाणे लावतो आणि पडद्यावर ‘लॉगिन’ असा शब्द उमटवून गप्प बसतो. म्हणजे ‘कोण आहे?’ तुम्ही नाव सांगितलंत की तो तुम्हाला ‘लॉगिन’ नावाच्याच पुढच्या प्रोग्रामच्या स्वाधीन करतो. तो पासवर्ड बघतो आणि आत सोडतो. तुम्ही काम संपवून बाहेर पडलात की ‘इनिट’ नावाचा मुकादम देवडीवर नवा गेटी आणून बसवतो. आणि नव्या गेटीला आधीच्या माणसाशी काय बोलणं झालं होतं ते ठाऊक नसतं. तो पुन्हा फाईल उघडतो, आपली ओळ वाचतो आणि तार पहिल्यासारखी लावून ठेवतो. वाचकांनी एवढी गोष्ट लक्षात ठेवावी, पुढं तिचं काम आहे.

बँक पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची, सहकारी. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीनं बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला. मोठ्या बँकांत यंत्रं आली, त्यांच्यामागोमाग सहकारी बँकांतही येऊ लागली. यंत्र आलं की नोकरी जाणार, ही धास्ती सगळीकडे होती. आम्ही केबल ओढत असताना कर्मचारी आमच्याकडे, लग्नघरात जप्तीला आलेल्या बेलिफाकडे बघावं तसे बघत. याला अपवाद एकच, अक्का.

अक्का म्हणजे लेजरवरच्या ज्येष्ठ कारकून. नोकरीची पंचवीसेक वर्षं झालेली, निवृत्तीला चारच उरलेली. आडनावानं त्यांना कुणी हाक मारत नसे. मॅनेजरसाहेबही ‘अक्का, जरा बघता का’ असंच म्हणायचे. त्यांचं अक्षर असं की खातेदार पासबुक घरी नेऊन लोकांना दाखवत. यंत्र आल्यावर सगळ्यांत आधी त्यांनी मला विचारलं होतं, “यात चूक झाली तर ती कुठं दिसती?” वीस-बावीस ठिकाणी यंत्रं लावली होती मी, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पहिल्या आठवड्यात एक गंमत झाली. मॅनेजरसाहेबांनी मोठ्या लिपीची कळ दाबलेली असताना आपलं नाव टाईप केलं. झालं! त्यानंतर यंत्र त्यांच्याशी सगळं मोठ्या लिपीतच बोलायला लागलं. साहेब घाबरले, “अहो, हे माझ्यावर ओरडतंय का?” मी हसत हसत समजावलं. नाव निव्वळ कॅपिटलमध्ये आलं की गेटीला वाटतं, समोर ते जुनं टेलिटाईप असणार, त्याला लहान लिपी येतच नाही. म्हणून तो बिचारा सगळं बोलणं मोठ्या लिपीत करून देतो. साहेबांना यंत्राचं कौतुक वाटलं. “किती समजूतदार आहे हो! समोरच्याला काय येतं ते बघून वागतंय.” मलाही ते पटलं. त्या समजूतदारपणात कोण बसतं आणि कोण बसत नाही, हा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही.

मग आलं मराठी टर्मिनल. वार्षिक सर्वसाधारण सभा तोंडावर होती आणि सभासदांची यादी मराठीत हवी होती. पुण्याच्या सी-डॅकचं ‘जिस्ट’ तंत्र तोवर सरकारी कचेऱ्यांत पोचलं होतं. देवनागरी दाखवू शकणारं टर्मिनल युनिक्सच्या यंत्राला जोडता यायचं. इथं बिटाचा हिशेब जरा समजून घेऊ. बिट म्हणजे एक ‘हो’ किंवा ‘नाही’. सात बिटांत १२८ चिन्हं मावतात. इंग्रजीची लहान-मोठी अक्षरं, आकडे, स्वल्पविराम हे सगळं तेवढ्यात आरामात बसतं. अमेरिकेनं आपला संकेत तेवढ्यावरच बांधला. आठवा बिट घेतला की २५६ घरं होतात. भारतीय लिप्यांसाठी जो ‘इस्की’ नावाचा संकेत झाला आणि १९९१ साली भारतीय मानक ठरला, त्यानं खालची १२८ घरं इंग्रजीला तशीच ठेवली आणि आपली अक्षरं वरच्या मजल्यावर नेली. म्हणजे एकाच फाईलमध्ये इंग्रजीही आणि मराठीही. मात्र वरच्या मजल्यावर जायचा जिना एकच, तो आठवा बिट.

मराठी टर्मिनलवर बसायला कुणी तयार होईना. तरुण पोरांना इंग्रजी टायपिंग येत होतं. डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजनं असा नवा कीबोर्ड शिकायला त्यांना सवड नव्हती. अक्का म्हणाल्या, “मी बसते. नावं मराठीत आहेत, माझ्या हाताखालून गेलेली आहेत.” त्यांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर कीबोर्ड काढून घेतला आणि घरी, स्वयंपाक उरकल्यावर, त्या कागदी कळांवर बोटं फिरवून पंधरा दिवसांत तो पाठ केला.

मी टर्मिनल लावलं. पहिल्या झटक्यात मराठी उमटेना, तेव्हा कारण लगेच ध्यानात आलं. तारेवरून येणाऱ्या प्रत्येक अक्षराचा आठवा बिट छाटायचा, अशी आज्ञा यंत्रात होती. मी आत शिरून एक ओळ टाईप केली, छाटणी बंद केली आणि मराठी झळकलं. मी स्वतः अकरा सभासदांची नावं भरली. सगळे खुर्चीभोवती जमले. मॅनेजरसाहेबांनी पेढे मागवले. मी कॉल रिपोर्टावर सही घेतली आणि संध्याकाळच्या एसटीनं पुण्याला आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. “अहो, बाईंच्या मशीनवर मराठी येत नाही. आकडे आणि एबीसीडी येतेय.” मी पुण्यात बसून विचारलं, “इंग्रजी नीट येतंय?” येतंय. “काल मी भरलेली नावं पडद्यावर मराठीतच दिसतायत?” हो, ती अगदी छान दिसतायत. “मग साहेब, मशीन ठीक आहे. बाईंना अजून सवय व्हायची आहे. कळा चुकत असतील.”

हे वाक्य मी अगदी सहज बोललो. तर्कालाही ते धरून होतं. जुनी नावं दिसतायत म्हणजे पडदा बरोबर, तार बरोबर. मग उरलं कोण? खुर्चीत बसलेलं माणूस.

माझ्या त्या वाक्याचं तिकडे काय झालं ते मला नंतर कळलं. एका तरुण कारकुनाला बसवून बघितलं. त्याचंही तसंच झालं, पण त्याला मराठी कीबोर्ड येतच नव्हता, त्यामुळे त्याचं चुकणं गृहीतच धरलेलं होतं. चार दिवसांनी कुणीतरी म्हणालं, वय झाल्यावर नवीन गोष्टी जमत नाहीत, त्यात काय एवढं. अक्कांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. टपाल घ्यायचं, शिक्का मारायचा. यादी बाहेरून टाईप करून घ्यायचं ठरलं. पंचवीस वर्षांत ज्या बाईंच्या लेजरात खाडाखोड सापडली नव्हती, त्यांच्याविषयी काउंटरवर हसून बोललं जाऊ लागलं. आणि हे सगळं ‘पुण्याच्या इंजिनिअरनंच सांगितलंय’ या आधारावर.

आठ दिवसांनी मी दुसऱ्याच कामाला, प्रिंटर दुरुस्त करायला तिथं गेलो. काम आटोपून निघताना आवक-जावकच्या टेबलावरून हाक आली, “इंजिनिअर, जरा बसा. घाई नसली तर.” अक्कांनी खणातून चाळीस पानी वही काढली. पट्टीनं रकाने आखलेले होते. तारीख, दाबलेली कळ, उमटलेलं चिन्ह. जेवणाच्या सुट्टीत टर्मिनल मोकळं असलं की त्या दहा मिनिटं बसत आणि वहीत नोंद करत. क दाबला की तीनचा आकडा. म दाबला की एल. ल दाबला की क्यू. सोमवारी तेच, मंगळवारी तेच, शनिवारी तेच.

“कमल लिहायला गेलं की ‘तीन एल क्यू’ येतंय,” त्या म्हणाल्या. “मला तुमच्या यंत्रातलं काही कळत नाही. पण चुकणारं माणूस रोज निराळं चुकतं. हे आठ दिवस एकसारखं चुकतंय. असं माणसाचं नसतं.”

माझ्या बॅगेत इस्कीचा तक्ता होता. मी तो उघडला. क चा क्रमांक १७९, तीनच्या आकड्याचा ५१. फरक १२८. म चा २०४, एलचा ७६. फरक १२८. ल चा २०९, क्यूचा ८१. फरक १२८. वहीतली सगळी पानं तपासायची गरजच नव्हती. प्रत्येक अक्षर वरच्या मजल्यावरून नेमकं एक मजला खाली ढकललं जात होतं. आठवा बिट छाटला जात होता.

पण ती छाटणी तर मी बंद केली होती! हो, केली होती, आत शिरल्यानंतर, हातानं, त्या एका बैठकीपुरती. मी बाहेर पडलो तेव्हा देवडीवर नवा गेटी येऊन बसला. त्यानं आपली फाईल उघडली आणि तिथली ओळ वाचून तार पुन्हा जुन्या पद्धतीनं लावली. फाईलमधली ओळ मी बदललीच नव्हती. त्या ओळीत ‘सेन’ असा एक शब्द असायचा. इंग्रजीत त्याचा अर्थ शहाणा, डोकं ठिकाणावर असलेला. तारेच्या साऱ्या नेहमीच्या सवयी एका शब्दात सांगायची ती सोय होती, आणि त्या सवयींतच आठवा बिट छाटण्याची आज्ञा दडलेली होती. अमेरिकेत बसून ज्यांनी तारेचा ‘शहाणपणा’ ठरवला, त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त इंग्रजी होती. म्हणूनच लहान लिपी न येणाऱ्या टेलिटाईपची त्यात सोय होती आणि कमल नावाच्या सभासद बाईची नव्हती.

आणि जुनी नावं नीट का दिसत होती? कारण ही छाटणी फक्त आत जाणाऱ्या अक्षरांची होती. यंत्राकडून बाहेर येणारी अक्षरं शाबूत होती. मी भरलेली अकरा नावं छाटणी बंद असताना आत गेली होती, त्यामुळे ती परत येताना सुखरूप येत. ज्या पुराव्यावर मी अक्कांना दोषी ठरवलं, तो पुरावा खरा होता, त्यावरून काढलेला निष्कर्ष माझा होता.

दुरुस्तीला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्या तारेसाठी फाईलमध्ये छाटणी नसलेली नवी ओळ लिहिली आणि गेटीला ती वाचायला सांगितलं. मग अक्कांना खुर्चीत बसवलं. त्यांनी नाव टाकलं, पासवर्ड टाकला, क दाबला. क उमटला. कमल झालं. त्या काहीच बोलल्या नाहीत. बाहेर पडल्या, पुन्हा आत शिरल्या आणि पुन्हा कमल लिहिलं. हे असं बाहेर पडून पुन्हा आत येऊन बघायचं, हे आठ दिवसांपूर्वी मला सुचायला हवं होतं.

मी कॉल रिपोर्ट भरला. ‘बिघाडाचे कारण’ या रकान्यात ‘जोडणी सैल’ असं लिहिलं. खोटं होतं ते. पण आमच्या धंद्यात ही दोन शब्दांची मोठी सोय होती. त्यात कुणाचीच चूक निघत नाही, ना कंपनीची ना गिऱ्हाइकाची, सगळी तारेची. कागद सहीसाठी अक्कांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाचला आणि पेन खाली ठेवलं.

“तार तुम्ही हातात तरी घेतली का?”

मी गप्प.

“इंजिनिअर, आमच्याकडे खात्यात चूक झाली तर खोडत नाहीत. रबर लावत नाहीत. लाल शाईनं दुरुस्ती करून खाली सही करतात. चूक कुठं झाली ते दिसलं पाहिजे, म्हणजे पुढच्या माणसाला हिशेब लागतो. माझी चूक असली तर माझी लिहा. नसली तर कुणाची ते लिहा.”

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. कंपनीत पगारवाढीचे दिवस होते आणि हा कागद माझ्या साहेबांच्या टेबलावर जाणार होता. दोन मिनिटं मी त्या रकान्याकडे बघत राहिलो. मग ‘जोडणी सैल’ वर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं: ‘टर्मिनलची मांडणी करताना बदल कायम केला नव्हता. चूक मांडणी करणाऱ्याची. वापरणाऱ्याची चूक नाही.’ अक्कांनी खणातून लाल पेन काढलं, दोन्ही प्रतींवर सही केली आणि गिऱ्हाइकाची प्रत स्वतः मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. साहेबांनी ती वाचली, माझ्याकडे बघितलं आणि शिपायाला म्हणाले, “अक्कांची खुर्ची मराठीच्या मशीनवर न्या.” पुण्याला आल्यावर मला बोलणी बसली. पगारवाढही त्या वर्षी बेताचीच झाली. सभासदांची यादी मात्र वेळेवर निघाली. त्यासाठी अक्का दोन रविवार बँकेत बसल्या.

पुढे पुष्कळ बदललं. अक्का १९९७ साली निवृत्त झाल्या. त्यानंतरच्या दशकात बँकांचे सगळे हिशेब मध्यवर्ती यंत्रावर गेले आणि काउंटरवरची ती टर्मिनलं भंगारात निघाली. इस्कीची जागा युनिकोडनं घेतली. पण युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच बेतलेली आहे, म्हणजे आज तुमच्या फोनवरच्या मराठी निरोपातही तोच जुना क्रम नांदतो आहे. विशेष म्हणजे युनिक्सच्या त्याच केन थॉम्प्सन यांनी रॉब पाईक यांच्यासह १९९२ च्या सप्टेंबरात, म्हणजे आमच्या या प्रकरणाच्या आदल्याच वर्षी, ‘यूटीएफ-८’ नावाची पद्धत तयार केली होती. जगातल्या सगळ्या लिप्या त्याच आठ-आठ बिटांच्या तुकड्यांतून नेण्याची ही पद्धत. तिच्यात आठवा बिट लागलेला दिसला की समजायचं, इंग्रजीच्या पलीकडचं अक्षर आलं. आपलं एक देवनागरी अक्षर असे तीन तुकडे घेऊन प्रवास करतं आणि तिन्हींत तो आठवा बिट लागलेला असतो. एके काळी जो ‘शहाणपणानं’ छाटला जायचा, त्याच्याच खांद्यावर आज जगभरच्या भाषा उभ्या आहेत.

गेटीही अजून आहे. लिनक्सच्या यंत्रावर काळा पडदा उघडा, तिथं तो बसलेला सापडेल आणि ‘कोण आहे?’ असं विचारेल. फक्त आता देवड्या फार झाल्या आहेत. फोनमध्ये, बँकेच्या ॲपमध्ये, गॅसच्या नोंदणीत, दवाखान्याच्या फॉर्मात. प्रत्येक देवडीवर कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं की समोर येणाऱ्याची दृष्टी चांगली असणार, बोटं चपळ असणार, आणि त्याच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच असणार. तसं नसलं की दार उघडत नाही. आमच्या सोसायटीतले एक आजोबा परवा फोन घेऊन माझ्याकडे आले आणि ओशाळून म्हणाले, “माझंच काहीतरी चुकतंय बहुतेक.” मी त्यांना विचारलं, “रोज तसंच चुकतं की निराळं?” ते म्हणाले, “रोज तसंच.” मग आम्ही दोघं बसलो आणि एका पाठकोऱ्या कागदावर रकाने आखले.

माळ्यावरचं बाकीचं बाड त्या दिवशी रद्दीत गेलं. कनेक्टर आणि केबलही भंगारवाल्यानं नेली. तो एक पिवळा कागद मात्र मी ठेवून घेतला. सौ.नं विचारलं, “याचं काय एवढं?” मी तिला लाल शाईतली सही दाखवली. शाई अजून फिकी पडलेली नाही.